ॲडवक्लीनर: ‘फॉरमॅट मारूया’ म्हणण्याआधीचा पाऊण तास

खडेबाजारातलं डीटीपीचं दुकान असो, निपाणीचं ऑनलाइन सेंटर असो की खानापूर स्टँडजवळचा झेरॉक्सवाला, तक्रार एकच असते: “सर्च एक करतोय आणि दुसरंच उघडूलालंय.” गूगलमध्ये शब्द टाकला की पान क्षणभर पांढरं पडतं, वरच्या पट्टीत दोन-तीन अनोळखी पत्ते झरझर सरकतात आणि शेवटी याहू नाहीतर बिंग समोर येतं. होमपेज बदललेलं असतं. ते परत गूगल करून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी जैसे थे. याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात, आणि त्यावर गल्लीतला उपायही ठरलेला: “आणून टाका, फॉरमॅट मारूया.”

फॉरमॅट मारायला तास-दीड तास लागतो, पण त्यानंतर अख्खा दिवस जातो. सीमाभागातल्या काउंटरवरच्या कंप्युटरवर काय काय बसवलेलं असतं ते बघा. कन्नड अर्जांसाठी टायपिंगचं नुडी, मराठी पत्रिकांसाठी श्रीलिपी आणि तिचा डोंगल, फ्लेक्सवाल्यांचे शेकडो फाँट, बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि ज्याची सीडी कधीच हरवली आहे अशा प्रिंटरचा ड्रायव्हर. एवढं सगळं परत बसवून क्रोममध्ये जुन्या जीमेलने लॉगिन केलं की पाच मिनिटांत हायजॅकरचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) सिंकमधून, म्हणजे खात्यात साठवलेल्या प्रतीतून, परत हजर होतं. तेव्हा आधी असे हायजॅकर साफ करणारं ॲडवक्लीनर चालवून बघावं. मात्र ते कसं आणि कुठल्या क्रमाने चालवायचं ते कळलं पाहिजे, कारण नुसतं ‘स्कॅन’ दाबून अर्धंच काम होतं.

हे आहे काय

ॲडवक्लीनर म्हणजे एकच छोटी फाइल, दहा एमबीच्या आसपासची. इन्स्टॉल करावी लागत नाही, पेनड्राइव्हवरून थेट चालते, पैसे पडत नाहीत. आधी ते स्वतंत्रपणे निघायचं, ऑक्टोबर २०१६ मध्ये मालवेअरबाइट्स कंपनीने घेतलं. चालतं फक्त विंडोजवर. अँटीव्हायरससारखं ते मागे बसून पहारा देत नाही. बोलावलं की येतं, झाडून जातं. म्हणूनच कंप्युटरवर क्विक हील असो वा दुसरं काही, त्याच्याशी याचं भांडण होत नाही. दोन पूर्ण अँटीव्हायरस एकत्र बसवले की मशीन रांगायला लागतं, तो प्रकार इथे नाही.

अँटीव्हायरस असूनही हायजॅकर का घुसतो, हा प्रश्न नेहमी येतो. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर बहुतेक वेळा तो तुमच्या ‘परवानगीने’ घुसलेला असतो. एखादा फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलात, मध्ये एका चौकटीत आधीच टिक मारलेली होती आणि तुम्ही ती काढली नाहीत, झालं. तो फाइली खात नाही, खंडणी मागत नाही. फक्त तुमचा शोध आपल्या पत्त्यावरून फिरवून याहू-बिंगकडे पाठवतो आणि त्या प्रत्येक शोधामागे दलाली मिळवतो. शेवटी खरंखुरं याहू उघडतं ते त्यामुळेच. अशा प्रोग्रामना अँटीव्हायरसच्या यादीत ‘नकोसा असू शकणारा’ असा मवाळ शिक्का असतो, आणि कित्येक ठिकाणी त्या गटाची तपासणी मुळात बंद असते. ॲडवक्लीनर नेमकं याच गटासाठी आहे.

स्कॅनच्या आधी हाताने बघायचं

कंप्युटर ‘व्हायरस लागला’ म्हणून आला की पहिल्यांदा उजव्या खालच्या कोपऱ्याकडे बघावं. तिथे ‘तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले’, ‘अँटीव्हायरस संपला, आत्ता नूतनीकरण करा’ अशा चौकटी टपाटप येत असतील आणि त्यात बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसत असेल, तर मशीनवर काहीच बसलेलं नसण्याचा संभव जास्त. कुठल्यातरी साइटने ‘मी रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटलं आणि कुणीतरी दाबलं, एवढंच. हा प्रोग्राम नाही, ब्राउझरने दिलेली परवानगी आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइटींची यादी दिसेल. ओळखीच्या नाहीत त्या प्रत्येकीसमोरचे तीन ठिपके दाबून ‘रिमूव्ह’ करा. दोन मिनिटांचं काम. असल्या चौकटी घालवायला कुणी फॉरमॅटचे पैसे घेत असेल तर दुकान बदलावं.

चौकटी नसतील, शोधच भरकटत असेल, तर इन्कॉग्निटो खिडकी उघडून तोच शब्द शोधून बघा. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेंशन आपोआप चालत नाहीत. तिथे गूगल नीट चाललं तर चोर एक्स्टेंशनमध्ये बसलाय. तिथेही भरकटलं तर एज किंवा फायरफॉक्समध्ये बघा. सगळ्या ब्राउझरांत तेच होत असेल तर प्रॉक्सी (नेट ज्याच्यामार्फत वळवलं जातं तो मध्यस्थ), होस्ट्स फाइल (साइटींच्या पत्त्यांची मशीनवरची यादी) किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) यांच्याकडे संशय जातो. आणि त्याच वायफायवर असलेल्या मोबाइलवरही भलत्याच जाहिराती उघडत असतील, तर कंप्युटर सोडा, राउटर तपासा. केबलवाल्याने किंवा फायबरवाल्याने बसवलेल्या राउटरचा मूळ पासवर्ड कुणी बदललेला नसतो. आत जाऊन कुणी डीएनएसचा पत्ता बदलला की घरातली सगळी यंत्रं एकदम बिघडल्यासारखी वागतात. तिथे ॲडवक्लीनर कितीही वेळा चालवा, काही सापडणार नाही. राउटरमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करा किंवा १.१.१.१ नाहीतर ८.८.८.८ घाला, आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला.

तिसरी जागा म्हणजे डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’च्या चौकटीत शेवटपर्यंत जाऊन बघा. क्रोम डॉट ईएक्सई आणि त्याच्या अवतरणचिन्हानंतर एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल तर होमपेज कितीही बदला, त्या शॉर्टकटवरून उघडलं की तोच पत्ता येणार. तेवढा भाग खोडा. पण ‘प्रोफाइल-डिरेक्टरी’ असा शब्द दिसला तर तो खोडू नका. एकाच मशीनवर दोघांची खाती असली की क्रोम स्वतःच तो लिहितं. ‘लोड-एक्स्टेंशन’ असं काही दिसलं तर मात्र तो आपला गिऱ्हाईक, त्यापुढचा फोल्डरचा पत्ता लिहून ठेवा, पुढे लागेल. टास्कबारवरचा आयकॉन म्हणजे वेगळा शॉर्टकट असतो, हे बरेच जण विसरतात. त्यावर राइट क्लिक करून येणाऱ्या यादीत ‘गूगल क्रोम’वर परत राइट क्लिक केल्यावर प्रॉपर्टीज मिळते.

चौथी तपासणी क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी तळाला. तिथे ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं लिहिलंय का? बँकेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या मशीनवर ते असणं साहजिक आहे, काही अँटीव्हायरसही तसं करतात. पण गणपत गल्लीतल्या पत्रिका छापणाऱ्या दुकानाची कसली ऑर्गनायझेशन? हायजॅकरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) क्रोमसाठी ‘पॉलिसी’ लिहिली की त्याचं एक्स्टेंशन सक्तीचं होतं आणि ‘रिमूव्ह’चं बटण नाहीसं होतं. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की कुठल्या पॉलिसी लागू आहेत ते दिसतं. ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ नावाची ओळ आणि पुढे बत्तीस इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसली तर निदान झालं. ती गिचमिड म्हणजे त्या एक्स्टेंशनचा ओळख-क्रमांक.

आता ॲडवक्लीनर

डाउनलोड मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. या नावाचे बनावट प्रोग्राम पूर्वी फिरलेले आहेत, जे खोटी यादी दाखवून साफ करायचे पैसे मागतात. खऱ्या ॲडवक्लीनरमध्ये साफ करण्यासाठी कुठेही पैसे मागितले जात नाहीत, ही ओळखायची सोपी खूण. बिघडलेल्या मशीनवरचं गूगल भलतीकडे नेत असतं, म्हणून दुसऱ्या चांगल्या कंप्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणलेलं बरं.

सुरू करण्याआधी कोरल, फोटोशॉप, टॅली, जे उघडं आहे ते सेव्ह करून बंद करा. साफ करताना तो सगळे चालू प्रोग्राम बंद करतो आणि मग मशीन रीस्टार्ट मागतो. अर्धवट राहिलेली पत्रिका गेली तर दोष त्याला देता येणार नाही, आधी सूचना दिलेली असते. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे हेस्कॉमच्या विजेचा भरवसा किती ते तिथल्यांना ठाऊक आहे, त्यामुळे यूपीएस चालू आहे ना, लॅपटॉप असेल तर चार्ज आहे ना, हेही बघा. रजिस्ट्री साफ होत असताना लाइट गेली की छोट्या दुखण्याचं मोठं होतं.

फाइलवर राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, मग ‘स्कॅन नाऊ’. साध्या हार्डडिस्कवर काही मिनिटं लागतात, एसएसडीवर त्याहून कमी. तो सर्व्हिस, फोल्डर, शॉर्टकट, शेड्यूल्ड टास्क (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), रजिस्ट्री, ब्राउझरची एक्स्टेंशन आणि होमपेजचे पत्ते, होस्ट्स फाइल अशा ठरलेल्या जागा बघतो. अख्खी डिस्क चाळत नाही, म्हणूनच एवढा चटकन मोकळा होतो. ही त्याची ताकदही आणि मर्यादाही. डिस्कच्या कुठल्याशा कोपऱ्यात पडून असलेली क्रॅकची, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरची, झिप फाइल त्याला दिसणार नाही.

निकालाची यादी आली की घाईने बटण दाबू नका, वाचा. ‘पीयूपी डॉट ऑप्शनल’ने सुरू होणारी नावं म्हणजे नकोसे प्रोग्राम, ‘ॲडवेअर’ने सुरू होणारी म्हणजे उघड जाहिरातखोर. यांच्यावरची टिक राहू द्या. त्यांच्याशिवाय ‘प्रीइन्स्टॉल्ड’ अशी वेगळी यादी येते. तिच्यात एचपी, डेल, लेनोव्हो यांनी लॅपटॉपबरोबर दिलेली सॉफ्टवेअरं असतात. हा व्हायरस नव्हे. कुठलं काय करतं ते माहीत नसेल तर त्यातल्या कशालाही हात लावू नका. आवाज-उजेडाची बटणं किंवा प्रिंटरचं स्कॅनिंग अशाच एखाद्या ‘फालतू’ सॉफ्टवेअरवर चालत असतं.

मग ‘क्वारंटाइन’, म्हणजे सापडलेलं बाजूला कोंडून ठेवायचं. मशीन रीस्टार्ट झालं की लॉग, म्हणजे काय केलं त्याची नोंद, उघडतो. तोच लॉग सी ड्राइव्हवरच्या ॲडवक्लीनर नावाच्या फोल्डरात राहतो. स्कॅनच्या फाइलीच्या नावात चौकटी कंसात एस, साफ केल्याच्या फाइलीत सी आणि पुढे क्रमांक. एखादं कामाचं सॉफ्टवेअर चुकून गेलं असेल तर ‘क्वारंटाइन’च्या पानावरून परत आणता येतं. ही सोय फार मोलाची आहे आणि फॉरमॅटमध्ये ती नाही.

‘बेसिक रिपेअर’ची बटणं

सेटिंग्जमध्ये ‘बेसिक रिपेअर’ खाली दहा-बारा बटणांची रांग आहे. सगळी चालू करायचा मोह होतो. तो आवरावा.

क्रोम पॉलिसी रीसेट करणारं बटण चालू करा. वर सांगितलेली सक्ती त्यानेच सुटते. प्रॉक्सीचंही चालू करा. त्याचं कारण असं: काही हायजॅकर मशीनवरच एक छोटा प्रॉक्सी चालवतात आणि विंडोजला सांगतात की इंटरनेट १२७.०.०.१ या पत्त्यावरून, अमुक पोर्टवरून घे. ॲडवक्लीनरने तो प्रोग्राम उचलला पण सेटिंग तशीच राहिली, तर ब्राउझर त्या मेलेल्या प्रॉक्सीचं दार ठोठावत बसतो. मग ‘साफ केलं आणि नेटच गेलं’ अशी बोंब होते. वायफायची खूण ठीक, पिंग ठीक, पान मात्र उघडत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग प्रॉक्सी, तिथे ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ आणि ‘सेटअप स्क्रिप्ट’ दोन्ही बंद केलं की नेट परत येतं.

इथे सेवा केंद्रवाल्यांनी एक गफलत टाळायची. आधारच्या ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिससुद्धा १२७.०.०.१ याच पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० यांपैकी एखाद्या पोर्टवर ऐकत असते. तो हायजॅकर नव्हे. तो पत्ता म्हणजे ‘हेच मशीन’ एवढाच अर्थ. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये तो दिसला तर संशय घ्या, आरडी सर्व्हिसच्या खिडकीत दिसला तर घेऊ नका.

होस्ट्स फाइल रीसेट करण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात ती आहे. हॅशच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी. बाकीच्यांत आधी अनोळखी आकडे आणि त्यांच्यानंतर गूगल-फेसबुकचं नाव असेल तर हायजॅकर. पण कोरल-अडोबीच्या सर्व्हरची नावं दिसली तर ती क्रॅकवाल्याने घातलेली असतात, सॉफ्टवेअरने घरी फोन लावू नये म्हणून. रीसेट केल्यावर ‘लायसन्स खोटं आहे’ची पाटी झळकते आणि दुकानदार ॲडवक्लीनरला शिव्या घालतो. याबद्दल अधिक काय बोलणार.

फायरवॉल आणि टीसीपी/आयपी रीसेटला कारणाशिवाय हात लावू नका. लॅनवर दोन-तीन मशीन जोडून टॅली किंवा शेअर केलेला प्रिंटर चालत असेल तर फायरवॉलमधल्या परवानग्या पुसल्या जातात, हाताने दिलेला स्थिर आयपी पत्ता उडतो, आणि पलीकडच्या टेबलावरून प्रिंट जायची थांबते. हायजॅकरशी त्याचा बहुतेक वेळा संबंधच नसतो.

जिथे तो कमी पडतो

साफ केल्यावर मशीन दोन दिवस शहाण्यासारखं वागतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचं खापर ॲडवक्लीनरवर फुटतं, पण परतीचे रस्ते त्याच्या आवाक्याबाहेर असतात.

सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे क्रोमचं सिंक. एक्स्टेंशन आणि सर्च इंजिनची सेटिंग जीमेल खात्यात साठवलेली असते. इथे पुसली तरी तिथून परत उतरते, किंवा घरच्या लॅपटॉपवरून वर चढते आणि दुकानात खाली येते. उपाय क्रमाने करायचा. ज्या ज्या मशीनवर ते खातं आहे तिथे आधी सिंक बंद करा. प्रत्येक मशीन साफ करा. मग सिंकच्या सेटिंग्जमधून ‘रिव्ह्यू युवर सिंक्ड डेटा’ उघडून तळाचं ‘डिलीट डेटा’ दाबा. त्याने गूगलच्या सर्व्हरवरची प्रत पुसली जाते, मशीनवरचे बुकमार्क आणि पासवर्ड तसेच राहतात. त्यानंतर सिंक पुन्हा चालू. हा क्रम उलटा केलात तर सगळी मेहनत वाया.

दुसरा रस्ता टास्क शेड्युलर. २०२२ मध्ये क्रोमलोडर नावाचा प्रकार बराच पसरला होता. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर म्हणून आयएसओ फाइल (डिस्कची प्रत) मिळायची, ती उघडली की एक शेड्यूल्ड टास्क तयार व्हायचा आणि तो पॉवरशेलमार्फत (विंडोजचं आज्ञा चालवणारं साधन) थोड्या थोड्या वेळाने एक्स्टेंशन परत घालायचा. त्याची खूण मजेदार होती: एक्स्टेंशनचं पान उघडायला गेलं की क्रोम सेटिंग्जच्या पानावर ढकलून द्यायचं, म्हणजे काढायची सोयच नाही. असं काही दिसलं तर टास्क शेड्युलर उघडा, ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’त क्रोमच्या नावाशी साधर्म्य असलेले आणि ‘ॲक्शन्स’मध्ये पॉवरशेल व लांबलचक गिचमिड असलेले टास्क शोधा. गूगलचे स्वतःचे अपडेटचे टास्क असतात, ते प्रोग्राम फाइल्समधल्या अपडेटरकडे बोट दाखवतात, त्यांना राहू द्या. आधी टास्क काढायचा, मग टास्क मॅनेजरमधून क्रोम पूर्ण बंद करायचा, मग ॲपडेटामधला त्या एक्स्टेंशनचा फोल्डर पुसायचा. शॉर्टकटमध्ये सापडलेला फोल्डरचा पत्ता इथे कामाला येतो. फोल्डर आधी पुसला आणि टास्क राहिला तर तो तासाभरात नवा आणतो.

टास्क शेड्युलरमध्ये डोळे फिरायला लागले तर मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स घ्या. तेही फुकट. मशीनबरोबर सुरू होणारी झाडून सगळी मंडळी एका खिडकीत दाखवतं, आणि ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ दाबलं की यादी आटोपशीर होते. टिक काढली की ती एंट्री बंद पडते, पुसली जात नाही. म्हणजे चुकलं तर परत टिक लावा. पण हे ज्याला नावं ओळखता येतात त्याच्याच हातात द्यावं.

बाकीच्यांशी तुलना

विंडोज डिफेंडर आधीपासूनच मशीनवर असतो, त्यात ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ नावाचा स्विच आहे. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून तो विंडोज सिक्युरिटीच्या ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये मिळतो. तो चालू असेल तर निम्मी आफत दारातच अडते. मात्र दुसरा अँटीव्हायरस बसवलेला असेल तर डिफेंडर मागे सरकतो आणि हा पहारा त्या दुसऱ्याकडे जातो. मग त्याच्या सेटिंगमध्ये तसाच स्विच शोधावा. डिफेंडर अडवायला चांगला. घुसल्यानंतर ब्राउझरमधली मोडतोड निस्तरण्यात ॲडवक्लीनर सरस.

मालवेअरबाइट्सचा मोठा प्रोग्राम डिस्क खोलवर तपासतो. पहिले १४ दिवस सगळ्या सोयी, नंतर फुकटात फक्त हाताने स्कॅन. जुन्या चार जीबी रॅमच्या मशीनवर तो कायम ठेवू नये. ॲडवक्लीनरनंतर एकदा चालवून काढून टाकावा. मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर हेही दुसरं मत म्हणून ठीक, पण उतरवल्यापासून १० दिवसांनी बाद होतं, त्यामुळे पेनड्राइव्हवर ठेवून महिन्याने चालवायला गेलात तर नव्याने उतरवावं लागेल. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं ‘क्लीनअप’ होतं, जुने व्हिडिओ अजून तेच शोधायला सांगतात. ते २०२३ मध्ये क्रोम १११ पासून काढून टाकलंय. ‘रीसेट सेटिंग्ज’ मात्र आहे. त्याने एक्स्टेंशन बंद होतात, कुकी जातात, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात. पॉलिसीची सक्ती त्याने सुटत नाही.

विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. त्यावर क्रोम १०९ शेवटचं. ‘ब्राउझर जुना झाला, अपडेट करा’ अशा खोट्या पाट्यांना तीच मंडळी भुलतात, कारण ब्राउझर खरोखरच जुना असतो. तिथे फायरफॉक्सची ११५ ईएसआर आवृत्ती बरी, पण सरकारी लॉगिनचं काम त्या मशीनवरून हलवलेलंच चांगलं.

येतं कुठून

आपल्याकडची वाट थोडी वेगळी आहे. इथल्या माणसाला दोन राज्यांचे कागद लागतात. जमीन निपाणीकडे असेल तर कर्नाटकच्या ‘भूमी’ पोर्टलवरून उतारा, कागल-गडहिंग्लजकडे असेल तर महाराष्ट्राचा सातबारा. दोन्हींच्या नावाने शोध घेतला की खऱ्या साइटीच्या वर जाहिरातवाल्या नकली साइटी येतात आणि ‘अलाउ दाबा म्हणजे उतारा दिसेल’ म्हणतात. सरकारी पोर्टलवर पॉपअपला खरोखरच परवानगी द्यावी लागत असल्यामुळे काउंटरवरच्या पोराच्या बोटाला ‘अलाउ’ची सवयच झालेली असते. खऱ्या पोर्टलचे पत्ते बुकमार्क करून ठेवा आणि गूगलमधून जाणं बंद करा. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

तसंच नुडीचं. ते कन्नड गणक परिषदेने तयार केलेलं फुकट सॉफ्टवेअर, पण शोधल्यावर भलत्याच डाउनलोड साइटींवर नेणारी हिरवी बटणं आधी दिसतात. नुसतं युनिकोडमध्ये टाइप करायचं असेल तर विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत, काही उतरवावं लागत नाही. नुडीची गरज जुन्या फाइलींसाठी. फाँटचंही ध्यानात ठेवा: फाँट हा टीटीएफ किंवा ओटीएफ फाइलीत येतो. शिवजयंतीच्या बॅनरसाठी शोधलेला फाँट ‘सेटअप डॉट ईएक्सई’ म्हणून उतरला तर तो फाँट नव्हेच.

आणि क्रॅक. ‘अँटीव्हायरस बंद करून मग चालवा’ असं सांगणारी फाइल चालवली तर त्यानंतर जे येईल त्याला हायजॅकर म्हणणंही सौम्य ठरेल. अशा वेळी ॲडवक्लीनरचा लॉग स्वच्छ आला तरी निश्चिंत होऊ नका. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी उचलणारे प्रकार याच वाटेने येतात. बँक, जीमेल आणि सेवा केंद्राच्या लॉगिनचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि ‘सगळीकडून लॉगआउट’ करा. डिफेंडर चालूच होत नाही, किंवा चालू केला की आपोआप बंद पडतो, अशी स्थिती असेल तर मात्र डेटा बाजूला काढून फॉरमॅट मारणंच रास्त.

ॲडवक्लीनरला पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो शेड्यूल्ड टास्कच्या नव्या प्रकारांत हाताने शोधावं लागतं म्हणून, आणि बेसिक रिपेअरच्या बटणांसमोर परिणाम काय होईल याची धड माहिती नाही म्हणून.

काम झाल्यावर ॲडवक्लीनरच्या सेटिंग्जमध्ये ‘अनइन्स्टॉल’चं बटण आहे. ते लगेच दाबू नका. त्याने क्वारंटाइन आणि लॉग दोन्ही पुसले जातात. आठवडाभर ठशाचं यंत्र, डोंगल, टोकन, प्रिंटर सगळं एकेकदा चालवून बघा, आणि मगच दाबा.